नव्या कादंबरीचं अभिवाचन आणि दौरा : पुण्यातल्या नवलेखकासाठी

कादंबरी छापून आली, प्रकाशन समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं आणि महिन्याभराने प्रकाशक म्हणतो, ‘हालचाल नाही हो.’ पहिल्या कादंबरीच्या बाबतीत हे सर्रास घडतं. समारंभात पाच वक्ते बोलतात, पुस्तकातलं एकही पान वाचलं जात नाही आणि विक्रीचं टेबल जिन्याखाली कुठेतरी असतं. अभिवाचनाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा ऐकणाऱ्याच्या कानावर कादंबरीचा आवाज पडतो आणि त्याच संध्याकाळी प्रत त्याच्या हाताशी असते. ‘नंतर घेऊ’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे नंतर घेतात. खालची सगळी तयारी या एका गोष्टीसाठी आहे.

प्रकाशकाशी आधी काय ठरवायचं

पहिली आवृत्ती बहुधा पाचशे ते हजार प्रतींची असते आणि लेखकाला त्यातल्या दहा-वीस प्रती भेट मिळतात. त्या नातेवाइकांत वाटून संपवू नका, निम्म्या अभिप्रायासाठी बाजूला काढा. मग प्रकाशकाला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं मेलवर घ्या. लेखकाला प्रती किती सवलतीत मिळतील? कार्यक्रमासाठी घेतलेल्या, पण न खपलेल्या प्रती परत घेतल्या जातील का? बाहेरगावी प्रती पोचवण्याचा खर्च कोणाचा? आणि लेखकाने स्वतः विकलेल्या प्रतींवर मानधन (रॉयल्टी) धरलं जाणार का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण पुढे कटकट होते ती नेमकी त्याच्यावरून.

एक साधा हिशेब मांडून बघा. किंमत ३५० रुपये आणि तुम्हाला प्रत ३५ टक्के सवलतीत मिळाली, तर ती २२७ रुपये ५० पैशांना पडते. कार्यक्रमात वीस टक्के सूट देऊन २८० ला विकलीत, तर हाती उरतात साडेबावन्न रुपये. तीस प्रती गेल्या तरी १५७५ रुपये. त्यात सभागृहाचं भाडं सोडा, पाहुण्यांची रिक्षा आणि चहाच जेमतेम निघेल. म्हणून स्वतः पुस्तकविक्रेता होण्यापेक्षा स्थानिक विक्रेत्यालाच टेबल लावायला सांगणं बरं. पुढे आठवडाभर कोणी दुकानात चौकशी केली, तर प्रत तिथे असते. हा फायदा साडेबावन्न रुपयांहून मोठा आहे.

अभिप्रायार्थ प्रती कार्यक्रमाच्या तीन-चार आठवडे आधी पोचायला हव्यात. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांचं काम बरंच आधी चालतं. प्रतीसोबत एकच पान जोडा : कादंबरीचं नाव, प्रकाशन, पृष्ठसंख्या, किंमत, चार ओळींचा विषय आणि संपर्क. स्वतःच परीक्षण लिहून पाठवू नका. काही नाही तर ‘साभार पोच’मध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव येतं, आणि ग्रंथालयांचे लोक ते सदर वाचतात.

तारीख

पुण्यात तारीख चुकली की बाकी सगळं नीट करूनही खुर्च्या रिकाम्या राहतात. पालख्यांच्या मुक्कामाचे दोन दिवस आणि गणपतीचे दहा दिवस पेठांमध्ये कार्यक्रम ठेवू नये. लोकांना यायचं असतं, पण रस्ते बंद असतात. दिवाळीच्या आसपास वाचकांचे पैसे दिवाळी अंकांवर जातात. मार्चमध्ये परीक्षा आणि मे महिन्यात निम्मं शहर गावी. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मात्र डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या तारखा आणि फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुणे पुस्तक महोत्सवाच्या तारखा आधी बघा. पुस्तक महोत्सवाच्या आतच एखादं सत्र मिळालं तर उत्तम. त्याच संध्याकाळी शहरात दुसरीकडे बोलावलंत, तर आपलीच माणसं विभागली जातात. पितृपक्षात प्रकाशन करायला लोक कचरतात, त्यामुळे सभागृहं सहज मिळतात. प्रकाशन नको, पण नुसतं अभिवाचन ठेवायला हरकत काय?

शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी सहा ही पेठांमधली रूढ वेळ. श्रोत्यांत ज्येष्ठ मंडळी बरीच असतात आणि सव्वाआठला त्यांचे डोळे घड्याळाकडे जातात. बाणेर, वाकड, हिंजवडीकडच्या वाचकांना सहाला पेठेत पोचणं म्हणजे शिक्षाच. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी अकराला एखाद्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये वेगळी बैठक ठेवावी.

जागा कशी निवडायची

नवोदिताच्या कार्यक्रमाला चाळीस ते साठ माणसं आली तर तो यशस्वी समजावा. तेवढी माणसं ऐंशी खुर्च्यांच्या दालनात बसली की गर्दी वाटते, शेकडो खुर्च्यांच्या नाट्यगृहात तीच माणसं केविलवाणी दिसतात आणि वाचणाऱ्याचाही आवाज पडतो. म्हणून बालगंधर्वचा मोह टाळा. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषदेचं माधवराव पटवर्धन सभागृह, नवी पेठेत पत्रकार भवन आणि त्याजवळचं एस. एम. जोशी सभागृह या सभा-संमेलनांच्या सवयीच्या जागा. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच छोटेखानी आहे. नाटकाच्या लोकांनी जोपासलेली जागा असल्याने तिथे शांततेत ऐकण्याची सवय असलेला प्रेक्षक मिळतो. अप्पा बळवंत चौक आणि बाजीराव रस्त्याच्या परिसरातल्या काही पुस्तकदालनांतही छोट्या बैठका होतात, तिथे विक्रीचा प्रश्नच उरत नाही. १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय यांच्याकडेही विचारणा करावी.

आरक्षणाआधी सभागृह त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी सहालाच, जाऊन बघा. सकाळी शांत वाटणारी खोली संध्याकाळी रहदारीच्या आवाजाने भरते. पंखे सुरू असताना बोलून बघा. भाड्यात माइक, तो सांभाळणारा माणूस आणि सफाई येते का, अनामत किती, कार्यक्रमाआधी किती वेळ आत सोडतील, हे विचारा. सोडणार पंधरा मिनिटं आधी आणि टेबल-खुर्च्या लावायच्या तुम्हीच, असं असेल तर भाड्याचा वेळ अर्ध्या तासाने वाढवून घ्या. जिना किती आहे हेही बघा. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय कार्यक्रम ठेवला, तर नियमित येणारे अर्धे श्रोते खालूनच परत जातील.

उतारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिलं प्रकरण वाचायलाच हवं असं काही नाही. ते डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं. त्यात माणसांची ओळख, गाव, काळ असा मोठा पसारा असतो. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. त्याच्यासाठी असा प्रसंग निवडा ज्यात दोन, फार तर तीन पात्रं आहेत, एकाच ठिकाणी घडतो, आणि ज्याची पार्श्वभूमी दीड मिनिटात सांगून होते. पार्श्वभूमीला तीन मिनिटं लागत असतील तर उतारा चुकलाय. शेवटचं रहस्य फोडणारा भाग नको, आणि नुसतं मनोगत असलेली चार पानंही नकोत. संवाद हवेत.

मराठीत मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण एकशेवीस शब्द होतात. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या, आकाराच्या पानावर अडीचशे ते तीनशे शब्द धरले, तर आठ मिनिटांत जेमतेम साडेतीन पानं होतात. नवखे लेखक आठ मिनिटांसाठी आठ पानं काढतात आणि मग धावतात. सात, आठ आणि तीन मिनिटांचे तीन उतारे तयार ठेवा. एका दमात अठरा मिनिटं वाचण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पुस्तकातून थेट वाचू नका. उतारे सोळा किंवा अठरा पॉइंटच्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापून घ्या. पानाखाली वाक्य तुटू देऊ नका, कारण पान बाजूला सरकवताना श्वास तिथेच अडतो. पिन मारू नका. सुटे कागद आवाज न करता सरकवता येतात. क्रमांक मात्र घाला, पंख्याने उडाले तर उपयोगी पडतील.

या वाचनप्रतीत मजकूर थोडा बदलायला हरकत नाही. संवादानंतर ‘… असं शेजारच्या खोलीतून आलेली वहिनी म्हणाली’ असं येत असेल, तर संवाद संपेपर्यंत कोण बोलतंय ते कळत नाही. नाव आधी आणा. तीन पोटवाक्यांचं वाक्य दोनदा तोडा. लागोपाठच्या दोन जोडाक्षरी शब्दांवर जीभ अडखळत असेल तर एक बदला. आणि जिथे अडखळता ती जागा पेन्सिलीने छापील पुस्तकातही खूण करून ठेवा. बोलीभाषेतले संवाद त्या भागातल्या माणसाकडून आधी वाचून घ्या. मालवणी किंवा वऱ्हाडी नक्कल करून काढली की पहिल्या वाक्यालाच पकडली जाते, आणि पुण्यात त्या भागातला माणूस सभागृहात असतोच. हेल जमत नसेल तर साध्या आवाजात, शब्द जसे आहेत तसे वाचा. ते जास्त चांगलं वाटतं.

अभिनेत्याकडून वाचून घ्यावं का? संवादांच्या उताऱ्यासाठी जरूर, पण पहिला उतारा लेखकानेच वाचावा. लोक लेखकाचा आवाज ऐकायला आलेले असतात. मागे बासरी, सतार वगैरे लावू नये. शब्दांच्या कडा पुसल्या जातात, विशेषतः वाक्याच्या शेवटची क्रियापदं. कादंबरीत कोणाच्या कवितेच्या किंवा गाण्याच्या ओळी असतील, तर पुस्तकासाठी घेतलेली परवानगी जाहीर वाचनाला आणि चित्रीकरणाला पुरते का ते प्रकाशकाला विचारा.

माइक

माइक तोंडापासून चार ते सहा इंचांवर आणि किंचित बाजूला तिरका असावा. अगदी समोर असला की ‘प’, ‘फ’, ‘भ’, ‘ख’ यांचा वारा त्यात शिरतो आणि फटफट ऐकू येतं. मराठीत महाप्राण, म्हणजे ‘ह’चा श्वास मिसळलेली, अक्षरं पावलोपावली, त्यामुळे हा त्रास जास्त. पोडियमचा माइक आधीच्या उंच वक्त्यासाठी लावलेला असतो आणि नवखा लेखक वाकून वाचत राहतो. स्वतः खाली-वर करायला शिका, किंवा आधीच सांगून ठेवा. पोडियमवर दिवा आहे का बघा. नसेल तर पुस्तकाला लावायचा छोटा दिवा सोबत ठेवा. पाणी साधं, गार नको. वाचनाआधी दूध किंवा दुधाचा चहा घेतला की घसा चिकटतो.

निमंत्रण

व्हॉट्सॲपवर नुसतं चित्र पाठवू नका. पुढे तारीख शोधायची तर ते सापडत नाही. चित्राखाली चार ओळींचा मजकूर हवा : काय, कधी, कुठे, किती वेळ. पत्त्यासोबत पार्किंगची सोय आणि जवळचं मेट्रो स्थानक लिहा. दहा दिवस आधी एकदा, तीन दिवस आधी एकदा, त्या दिवशी सकाळी एकदा. त्यापेक्षा जास्त नको. वृत्तपत्रांच्या शहर-कार्यक्रमांच्या सदरासाठी तीन-चार दिवस आधी छोटं टिपण द्यावं लागतं. ते सदर वाचून येणारा एक ठराविक श्रोतृवर्ग पुण्यात अजून आहे. ‘कार्यक्रम वेळेवर सुरू होईल’ असं छापलंत तर मग खरंच सहाला सुरू करा. पावणेसहाला येऊन बसलेले लोक साडेसहापर्यंत प्रमुख पाहुण्यांची वाट पाहून वैतागतात, आणि तो वैताग पुस्तकावर निघतो.

एका तासाची आखणी

स्वागत तीन मिनिटं, पहिला उतारा सात, गप्पा पंधरा, दुसरा उतारा आठ, पुन्हा गप्पा दहा, श्रोत्यांचे प्रश्न बारा, शेवटचा उतारा तीन, आभार दोन. बरोबर साठ. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं यांतलं जे जे वाढवाल ते वाचनातून कापलं जातं.

गप्पा मारणारा माणूस नामवंत नसला तरी चालेल, त्याने कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली असली पाहिजे. तीन आठवडे आधी प्रत द्या आणि एकदा फोनवर बोला. प्रश्न पाठ करून घेऊ नका, कुठलं रहस्य फोडायचं नाही तेवढं सांगा. श्रोत्यांच्या प्रश्नांत पहिलं मिनिटभर कोणीच हात वर करत नाही. तेव्हा घाबरून आभारांकडे वळू नये, थांबावं. नंतर एखादे गृहस्थ उभे राहून प्रश्नाऐवजी भाषण सुरू करतातच. त्यांना आवरणं हे संवादकाचं काम, लेखकाने तिथे पडू नये.

टेबल आणि सही

टेबल दाराशी, बाहेर पडायच्या वाटेवर, आणि चहा त्या टेबलाच्या पलीकडे. चहा आत दिला की लोक आतच बोलत राहतात आणि दुसऱ्या दाराने निघून जातात. साधारण तीन-चार श्रोत्यांमागे एक प्रत जाते. पन्नास माणसं अपेक्षित असतील तर पंचवीस प्रती पुरतात. त्या प्रती चलनावर, म्हणजे माल दिल्याच्या पावतीवर, मोजून घ्या, ‘विक्री किंवा परत’ अशी नोंद असू द्या, आणि परत देताना मोजून सही घ्या. सवलतीची किंमत ठळक पाटीवर लिहा. २८० सारखी किंमत ठेवलीत तर वीसच्या नोटा जमवाव्या लागतील, सरळ ३०० करा किंवा सुट्ट्यांची सोय ठेवा. यूपीआयचा फलक असतोच, पण तळघरातल्या सभागृहात नेटवर्क जातं. मोबाइल धरून लोक जिन्यावर गेले की काही परत येत नाहीत. तेव्हा रोख घेणारा माणूसही टेबलावर हवा, आणि तो तुम्ही नसावा.

तुम्ही शेजारच्या टेबलावर सही करत असाल. नाव आधी चिठ्ठीवर लिहून घ्या. ‘श्रुती’ की ‘श्रुति’, ‘वैद्य’ की ‘वैद्या’, ही चूक पुस्तकावर खोडता येत नाही. सही अर्धशीर्षकाच्या, म्हणजे नुसतं पुस्तकाचं नाव असलेल्या सुरुवातीच्या, पानावर, बॉलपेनने. शाईचं पेन शोभतं खरं, पण पातळ कागदावर पाझरतं, आणि गुळगुळीत कागदावर शाई वाळायच्या आत पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर ठसा उमटतो.

पुण्याबाहेर

एकदम दहा गावं ठरवू नका. एका रस्त्यावरची तीन-चार घ्या. सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर हा एक फेरा होतो. स्वारगेटहून गाड्या भरपूर आणि सातारा जेमतेम ११० किलोमीटर. नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरसाठी वाकडेवाडीहून एसटी. प्रत्येकी दोनशेहून जास्त किलोमीटर, म्हणजे मुक्काम धरावाच लागतो. मुंबई-ठाण्याला त्याच दिवशी जाऊन येता येतं, पण तिथे कार्यक्रम कामावरून सुटणाऱ्यांच्या वेळेला, सातला, ठेवतात; परतीची गाडी आधी बघा.

यजमान म्हणून सर्वांत भरवशाची संस्था म्हणजे गावातलं जुनं वाचनालय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. सभागृह, माइक आणि तयार श्रोते त्यांच्याकडे असतात. संभाजीनगरला मराठवाडा साहित्य परिषद आणि नागपूरला विदर्भ साहित्य संघ आहे. पत्र कार्यवाहांच्या नावाने, कागदावर, सोबत पुस्तकाची प्रत. ग्रंथपालांना फोन करण्याआधी साप्ताहिक सुट्टी कोणती ते बघा. उत्तराला महिना लागतो, कारण विषय कार्यकारिणीच्या बैठकीत जातो. तगादा लावू नये, पंधरा दिवसांनी एक फोन पुरे.

व्याख्यानमालांचे वक्ते कित्येक महिने आधी ठरतात आणि त्यांना ‘माझी नवी कादंबरी’ हा विषय चालत नाही. कादंबरीतून विषय काढून द्या. ऊसतोड कामगारांवर लिहिलं असेल तर ‘ऊसतोडीचं एक वर्ष’, धरणग्रस्तांवर असेल तर ‘पुनर्वसनाची तिसरी पिढी’. चाळीस मिनिटं विषय, मग दहा मिनिटं उतारा. लोक विषयासाठी येतात आणि पुस्तक घेऊन जातात.

मानधन, प्रवासखर्च आणि मुक्काम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्ही आधी विचारा. ‘येण्या-जाण्याचं बघू’ याचा अर्थ बहुतेक वेळा एसटीचं एका बाजूचं भाडं असा निघतो. चौथी विचारायची गोष्ट म्हणजे पुस्तकं कोण ठेवणार. गावात विक्रेता असेल तर प्रकाशकाकडून त्याच्याकडे आठवडाभर आधी प्रती जाऊ द्या. स्वतः न्यायच्या असतील तर वजन धरा : अडीचशे पानांची डेमी प्रत पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम, म्हणजे चाळीस प्रतींचं गाठोडं बारा किलोच्या घरात. पावसाळ्यात आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग खोक्यात. खोक्यात मोकळी जागा राहिली तर वर्तमानपत्र कोंबा, नाहीतर कोपरे दुमडतात आणि वाचक कोपरा दुमडलेली प्रत परत ठेवतो.

महाविद्यालयांचं गणित निराळं. १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या काळात सगळ्यांनाच लेखक हवे असतात, एकाच दिवशी तीन बोलावणी येतात. ऑगस्टमध्ये विचारलंत तर मराठी विभाग खुशीने बोलावतो. विद्यार्थी ३५० रुपयांचं पुस्तक घेत नाहीत, ती अपेक्षाच ठेवू नये. ग्रंथालयाने दोन प्रती घेतल्या तर खूप. पुस्तक भिशी आणि वाचनकट्टे मात्र दुर्लक्षू नयेत. बारा जणी असतील, पण बाराही जणींनी पुस्तक विकत घेऊन, वाचून यायचं अशी अट घालता येते. तिथे उतारा वाचायची गरज नसते, उलटतपासणीला तयार राहा.

परतल्यावर

वहीत प्रत्येक कार्यक्रमाची एक ओळ : तारीख, गाव, आलेली माणसं, नेलेल्या प्रती, विकलेल्या, परत आलेल्या, येणं बाकी. विक्रेत्यांकडून पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, आणि नोंद नसेल तर कोणाकडे किती प्रती पडून आहेत हेच आठवत नाही. कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी त्या गावातल्या दुकानात फोन करून प्रती शिल्लक आहेत का विचारा. संपल्या असतील तर प्रकाशकाला लगेच कळवा, कारण बातमी छापून येते ती त्याच दोन-तीन दिवसांत. आणि मोठ्याने वाचताना पेन्सिलीने ज्या खुणा केल्या होत्या, त्यांत मुद्रणदोष बरेच निघतात : सुटलेला अनुस्वार, दोनदा आलेला शब्द, एका पानावर बदललेलं पात्राचं नाव. पानाच्या आणि ओळीच्या क्रमांकासह ती यादी प्रकाशकाकडे देऊन ठेवा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचा विषय निघेल तेव्हा दुरुस्त्यांसाठी छपाई खोळंबणार नाही.